च्यारी सरांची काटकसर

शाळा सुटून पोरं फाटकाबाहेर गेली की आमचे मुख्याध्यापक च्यारी सर टाकीखालच्या पाइपला कान लावून उभे राहत. डोळे मिटलेले, एक हात भिंतीवर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सरांना घेरी आली असं वाटून धावत गेले. त्यांनी बोट ओठांवर ठेवून मला थांबवलं. मग म्हणाले, "टीचर, सगळे नळ बंद आसत. तरी पानी धावता. खंय धावता ता सोदूक व्हया."

ते पाणी सभागृहाच्या पायरीखाली जात होतं. पाइप गंजून फुटला होता. वर मातीला ओलसुद्धा दिसत नव्हती. पंप दिवसभर विहिरीतून पाणी ओढत होता आणि वाढत्या विजेच्या बिलाचं खापर आम्ही पंख्यांवर फोडत होतो.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावाची खाण तेव्हा नुकतीच बंद पडली होती. घराघरांपुढे ट्रक उभे राहिले, त्यांच्या टायरांत गवत वाढू लागलं. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून येत. पण वीज, कागद, खडू, फिनेल, दुरुस्ती हे सगळं गावातल्या ट्रकवाल्यांच्या देणग्यांवर चाले. ते बंद झालं. शाळा समितीच्या अध्यक्षांचेही ट्रक बँकेने नेले होते. त्यांनी सरांना सांगितलं, "खर्च खाली आणा, नाहीतर पुढच्या वर्षी शाळा उघडणार नाही."

च्यारी सर पेडण्याचे, सुताराच्या घरातले. वडिलांचं एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे, "आधी मापूचा, मगे कापूचा." त्याप्रमाणे त्यांनी शाळा मापायला घेतली. रोज मीटर वाचायचं काम गणिताच्या तासाला लावलं. पोरं आलेख काढू लागली. कोणत्या दिवशी रेघ वर गेली आणि का, यावर वर्गात भांडणं होत. प्रयोगशाळेतला जुना फ्रिज सगळ्यांत जास्त वीज खातो, हे त्या आलेखातूनच बाहेर आलं. त्या फ्रिजमध्ये बाजारातून येताना घेतलेले माझे बांगडे असत. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळेच्या करंटार बांगडे राखूचे नाय, टीचर." त्या दिवसापासून फ्रिज बंद.

वर्गात शिरताच ते आधी खिडक्यांकडे बघत. "जनेलां उघडा. सूर्याचा बिल येना नाय!" खडूचे तुकडे परत केल्याशिवाय नवा खडू मिळत नसे. प्रश्नपत्रिका कागदाच्या दोन्ही बाजूंना छापल्या जात. पोरं त्यांना मागून 'चिकट सर' म्हणत, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांच्या खोलीतही तेच नाव चाले. पण खर्च उतरला. शाळा उघडी राहिली. अध्यक्षांनी सभेत त्यांना शाल दिली, तेव्हा ते अवघडून गेले होते.

मग त्या मे महिन्यात पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधला दिवा गेला. पाण्यातले जंतू मारणारा तो दिवा दर वर्षी बदलावा लागे, सोबत गाळण्याही. माणूस येऊन खर्च सांगून गेला. अध्यक्ष म्हणाले, "पाणी तर कसं नितळ दिसतंय. अनुदान आलं की करू." सर म्हणाले, "बरं. गणेशचवथीनंतर बघूया." मी तिथेच होते. एरवी खडूच्या तुकड्याचाही हिशेब घेणारे सर ते पाणी तपासायला पाठवा असं म्हणाले नाहीत. सगळीकडे काट मारून मारून त्यांचा हात तसाच चालत गेला असावा.

त्या पावसात खाणीच्या खड्ड्यातलं पाणी वर आलं आणि गावातल्या विहिरी गढुळल्या. चवथीच्या सुट्टीआधीच मुलांचे डोळे पिवळे दिसू लागले. बहुतेक बरी झाली. आठवीतली दर्शना वाचली नाही. तिचे वडील गोविंद सिंधुदुर्गातून ट्रक चालवायला आलेले. खाण बंद झाल्यावरही आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत राहिलेले. दर्शना आलेख काढण्यात सगळ्यांत पुढे होती. तिच्या रेघा कधी थरथरत नसत.

आरोग्य खात्याने पाणी तपासलं. शाळेच्या विहिरीत दोष निघाला. गावातल्या आणखी काही विहिरींतही निघाला. मुलीला बाधा कुठल्या पाण्याने झाली हे कुणी सांगू शकत नव्हतं. अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सर मात्र मला म्हणाले, "टीचर, माझ्यावांगडा चला. एकट्याक माका जावक जमाचा नाय."

गोविंदच्या भाड्याच्या खोलीत आम्ही चटईवर बसलो. सरांनी फिल्टरचं सगळं सांगितलं. दिवा गेला होता, ते आपल्याला ठाऊक होतं, तरी आपण थांबायला होकार दिला. गोविंद दारापलीकडच्या विहिरीकडे बघत म्हणाला, "आमच्या बावडेचा पानीय तसलाच, सर. शाळेतल्याच पान्यान झाला असा कोन सांगतला?"

"तुमच्या बावडेक मी काय करू शकलो नसतंय," सर म्हणाले. "शाळेच्या पान्याक करू शकलो असतंय. करूक नाय."

तेव्हा आतून दर्शनाची आई बाहेर आली. रडत नव्हती. "ह्या आमका सांगून तुमका हलका वाटतला," ती म्हणाली. "आमका काय वाटतला?"

उठताना सरांनी भिंतीचा आधार घेतला.

पालकसभेच्या आधी अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतलं. "सर, तुमच्या पाया पडतो. बोलू नका. पोरं काढून नेली तर बाकीच्यांनी शिकायचं कुठं?" हा प्रश्न खोटा नव्हता. तरी सर उभे राहिले आणि गोविंदच्या घरी जे सांगितलं तेच सभेत सांगितलं. काहींनी मुलं डिचोलीच्या शाळेत नेली. एक तुकडी बंद झाली, आमच्यातल्या एका तात्पुरत्या शिक्षिकेची नोकरी गेली. ती सरांशी पुन्हा कधी बोलली नाही. समितीने सरांचं मुख्याध्यापकपद काढून घेतलं. निवृत्त होईपर्यंत ते गणित शिकवत राहिले. चांगलं शिकवत, पण आवाज बसल्यासारखा झाला होता. फिल्टरचा दिवा त्यानंतर दर जूनमध्ये बदलला जाऊ लागला. त्याबद्दल कुणी त्यांचं नाव घेतलं नाही, त्यांनीही घेऊ दिलं नसतं.

निवृत्तीनंतर फार वर्षं ते जगले नाहीत. बाराव्याला मी पेडण्याला गेले. पडवीच्या टोकाला एक माणूस एकटाच बसला होता. मी जवळ गेल्यावर ओळख पटली. गोविंद. तो आणि त्याची बायको कधीच गाव सोडून सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे परतले होते. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"सर वर्साक एकदा येयत आमच्याकडे," तो म्हणाला. "पडवेर बसत. काय बोलत नाय. माफीय कधी मागूक नाय. ही भायर येय नाय. तरी येयत. ह्या वर्सा येवक नाय, तेवां मीच चवकशी केलंय."

"त्या नाही आल्या?"

त्याने मान हलवली. "सांगलंय तिका. ती म्हनाली, तुमी जावा."

आतून जेवायला हाक आली. गोविंद उठला, सरांच्या बायकोला लांबूनच हात जोडले आणि न जेवता बसच्या रस्त्याला लागला.