पैऱ्याला कुणी आलं नाही

मत गुप्त असतं, कुणाच्या बापाला कळत नाही, हे वाक्य माझंच. आमच्या मतदार जागृतीच्या पत्रकावर ते ठळक छापलं होतं आणि कोल्हापुरातल्या कॉलेजांत मी ते टेबलावर मूठ आपटून म्हणायचो. पोरं टाळ्या वाजवायची. त्याच जोशात पुढचं यायचं : नुसती बोटाला शाई लावून घेऊ नका, उभे राहा.

एक जण खरंच उभी राहिली. शाहूवाडीकडच्या डोंगरातली, एम.ए. करणारी पोरगी. गावात ग्रामपंचायतीला मतदान झाल्याचं तिला आठवतच नव्हतं. जाणती माणसं देवळात बसायची, नावं ठरवायची, की गाव बिनविरोध. वर पेपरात कौतुक. मला त्याची चीड होती, अजून आहे. अठरा पुरी केलेल्या पोरांना मशीनचं बटणही दिसू द्यायचं नाही, याला एकी कसली म्हणायची? तिनं अर्ज भरला. तो मागं घ्यायच्या दिवशी तिचे वडील डळमळले, तर मी फोनवर त्यांचं डोकं खाल्लं. मतदान झालं. ती पडली, पण वॉर्डातल्या बऱ्याच तरण्या पोरापोरींनी पहिल्यांदा मत दिलं आणि तुलाच दिलंय म्हणून तिला गुपचूप सांगितलं. मी इकडं पेढे वाटले.

पावसाळ्यात तिचा फोन आला. भाताची लावण करायला कुणी येत नव्हतं. तिकडं लावणीला पैरा असतो : आज तुम्ही आमच्या वावरात, उद्या आम्ही तुमच्या. या वर्षी तिच्या आईला कुणी बोलावलंच नाही, त्यामुळं त्यांच्याकडंही कुणी फिरकलं नाही. रोप तरव्याच्या वाफ्यातच वाढून पिवळं पडायला लागलं होतं.

दोन मित्रांना घेऊन मी गेलो. चिखलात पाय रुतत होते, कंबर मोडत होती आणि समोरच्या वावरात बायकांची सरळ रांग लावण करत होती. आमच्याकडं कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी भडकलो. तुला मत देणारी पोरं कुठं मेली, असं तिला विचारलं. नेभळट म्हणालो त्यांना.

ती वाकलेलीच होती. "त्यांना काय बोलू नका सर. मत आडोशाला देता येतंय. पैऱ्याला गावादेखत यावं लागतंय की."

माझ्या पत्रकात हे कुठंच नव्हतं.

दुपारी बांधावर तिच्या आईनं भाकरी वाढली. टोमणा मारायचा म्हणून नव्हे, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, "पावणं, तुमी आलासा, बरं झालं. म्होरल्या वर्साला कोण येणार?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. तिच्या नवऱ्याचं डोकं फोनवर खाताना मला इतकी वाक्यं सुचली होती.

संध्याकाळपर्यंत निम्मंही वावर झालं नाही. दुसऱ्या दिवशी गारगोटीला माझं भाषण होतं. फोन करून ते पुढं ढकललं. तिथं जाऊन मत द्या म्हणणारच आहे, उभे राहा हेही म्हणणार आहे. पण टाळी पडली की आता थांबता येणार नाही. पैऱ्याचं सांगावं लागेल, आणि त्या बाईला द्यायला माझ्याकडं उत्तर नाही, हेसुद्धा.

सकाळी उजाडताच वावरात उतरलो. तिचे वडील आले, माझ्या शेजारी वाकले आणि मी लावलेली पहिली ओळ उपटून त्यांनी नीट लावायला घेतली.