नातीसाठी गार केलेली गाडी

घरातली एखादी वस्तू घरीच दुरुस्त करायला घेतली, की ती नीट होईल तेव्हा होईल, किस्से मात्र पहिला पाना लागल्यापासून तयार व्हायला लागतात. शेजारी येतो, एक सल्ला देतो आणि जाताना एक किस्सा घेऊन जातो. यंदा उन्हाळ्यात आमच्या अंगणात असे इतके साचले, की रिठदच्या स्टँडवर चहा प्यायला गेलो तरी लोक आधी गाडीची तब्येत विचारतात, मग माझी!

* * *

आमची वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वाशिमच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. नात वजनाला कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एसी गाडी आणा. गाडी गार असेल तरच पोरीला बाहेर काढा." सुट्टी तर भर दुपारी मिळणार, आणि लग्नसराईमुळे भाड्याच्या सगळ्या गाड्या वऱ्हाडात गेलेल्या.

धीर होता तो जावयाचा. प्रशांतराव पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन आले. जुनी घेतलेली स्पोर्ट्स कार, लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. आधी एक पाय बाहेर आला, मग डोकं, मग दाराला धरून बाकीचे जावई.

वैशालीची आई म्हणाली, "जावईबापू, गाडीतून उतरून राह्यले का विहिरीतून वर येऊन राह्यले?"

सगळे हसले. प्रशांतराव घामानं ओलेचिंब होते. म्हणाले, "मामी, जालन्यापासून एसी बंद पडलाय."

मग कोणी हसलं नाही.

* * *

सलीम माझा जुना दोस्त. स्टँडवर त्याचं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. एसीचं बटण दाबलं की कंप्रेसरच्या तोंडाशी असलेली चकती 'टक' करून चिकटते आणि कंप्रेसर फिरतो, तेव्हा गार हवा येते. सलीमनं मीटर लावलं, कान लावला आणि म्हणाला, "गॅस हाय, करंट हाय. टक नाई!"

आता खालून पाहायचं ठरलं. गाडी जॅकवर उचलली, खाली ठोकळे दिले. प्रशांतराव आत सरकणार, तेवढ्यात वैशालीची आई आडवी आली. लेकीचा बाप होऊन आलेला जावई, आणि मातीत झोपणार? तिनं पाहुण्यांची गादी आणली, गाडीखाली घातली, वर कोरी चादर अंथरली. लोड काही खाली जाईना, म्हणून उशी दिली.

दुसऱ्या बाजूनं मातीतून सलीमचा आवाज आला, "भाबी, मी बी कोनाचा तरी जावई हाय!"

* * *

प्रशांतरावांनी मोबाईलवर कोण्या मेकॅनिकचा व्हिडिओ शोधला. पण आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर. म्हणून ते गच्चीवर उभे राहून ऐकायचे आणि खाली ओरडून सांगायचे. सलीम तसं करायचा.

"बेल्ट बघा!"

"पायला!"

"प्लेट हातानं फिरवा!"

"फिरवली!"

"आता सकाळ-संध्याकाळ दोन वेळा घासा!"

सलीमनं पाना खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "काय घासू म्हनते हा?"

प्रशांतरावांनी गच्चीवरून खाली डोकावलं. मग आवाज आला, "थांबा, टूथपेस्टची जाहिरात आहे!"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी सहज गाडी सुरू केली, तर टक! गार हवा! वैशालीच्या आईनं लगेच शिरा टाकला. शिरा ताटलीत येईपर्यंत ऊन चढलं, आणि एसी पुन्हा बंद. तूप भरपूर होतं, पण तो शिरा कोणालाच गोड लागला नाही.

सलीम विचार करत बसला. "थंडीत चालते, गरमीत बसून जाते. मानसावानीच हाय. एक लाकूड द्या कोनी."

जवळ होतं ते बेलणं, म्हणजे पोळ्यांचं लाटणं, मी दिलं. इंजिन चालू असताना त्यानं बेलण्याच्या टोकानं चकतीला जरासं ढोसलं. टक! कंप्रेसर फिरला.

"काहून हो, पाव्हन्याच्या गाडीले बेलन्यानं मारता?" वैशालीची आई ओरडली.

"मारलं कुठं, भाबी? तुमचं बेलनं पाहूनच चालू झाली!"

प्रशांतराव एकदम उठले. "म्हणजे चकतीमागची फट वाढलीय! चकती झिजली, म्हणून तापल्यावर चुंबकानं ओढली जात नाही. व्हिडिओतला माणूस हेच सांगत होता, तेवढ्यात दात मधे आले!"

* * *

चकतीच्या आत कागदासारखं पातळ वॉशर असतं. ते काढलं की फट कमी होते. पण किती कमी? फट मोजायचं पातळ पातं आमच्याकडे नव्हतं. प्रशांतराव म्हणाले, "जाड कागद जेमतेम जाईल एवढी."

आमच्या खुंटीला लग्नपत्रिकांचा गठ्ठा. सलीमनं एकेक पत्रिका चिमटीत धरून पाहिली. "हे लई पातळ. हे मोठ्या घरची, दारातूनच जानार नाई." शेवटी इंझोरीच्या एका लग्नाची पत्रिका पसंत पडली. वॉशर काढलं, चकती बसवली, पत्रिका घातली. बरोबर अडकून गेली.

पत्रिका परत आली तेव्हा नवरदेवाच्या नावावर ग्रीसचा काळा अंगठा होता. त्या लग्नाला काही आमचं जाणं झालं नाही. पण जोडा सुखात राहो, पत्रिका फार चांगल्या जाडीची काढली होती त्यांनी!

* * *

आता भर दुपारी खात्री करायची होती. मी म्हटलं, "पोरीच्या आधी मी बसतो." गाडी उन्हात उभी केली, काचा बंद केल्या. वाशिमहून घरी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ आत बसायचं ठरलं.

नात झाल्यापासून मला नीट झोप नव्हती. ती गार हवा तोंडावर आली, ती थांबेना, आणि माझा डोळा लागला.

बाहेर वैशालीच्या आईनं काचेतून पाहिलं. माझी मान एका बाजूला. तिनं दार उपसून काढल्यासारखं उघडलं आणि मला गदागदा हलवलं. "अहो! अहो, ऐकून राह्यले का?"

मी डोळे उघडले. "दार लाव ना व. थंडी चालली सारी बाहीर."

ती रडायलाच लागली. मग मला दोन शिव्या दिल्या. मग दार लावलं.

* * *

प्रशांतराव वाशिमला गेले. मी आणि सलीम अंगणात उभे. ऊन असं, की कोंबड्यासुद्धा गाडीच्या रिकाम्या जागेवरून उठून गुरांच्या कोठ्यात गेल्या.

गाडी गल्लीत वळली. सलीमनं आत कोण आहे ते पाहिलं नाही, मान तिरपी करून आधी ऐकलं. "टक हाय," तो म्हणाला.

वैशाली पोरीला घेऊन उतरली. मी नातीच्या पायाला बोट लावलं. पाय तापलेला नव्हता. पोरगी झोपलेली होती.

दारात वैशालीची आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तिनं माय-लेकीवरून तुकडा ओवाळला. दोघी आत गेल्या. दृष्ट काढली की तुकडा बाहेर टाकायचा, तर ती तो घेऊन सरळ गाडीपुढे गेली.

"जावईबापू, हे टोपन उघडा."

प्रशांतरावांनी बॉनेट उघडलं. तिनं डोळे मिटले आणि कंप्रेसरवरून तुकडा सावकाश तीनदा ओवाळला. मग तांब्या उचलला.

"भाबी, पानी बेल्टवर नको!" सलीम ओरडला.

"मले समजते. तुमी तिकडं कायले उभे? या इकडं, वाका."

सलीमनं टोपी काढली आणि तो तुकड्यापुढे वाकला.