जीप मी पसंत केली होती

दुसरं महायुद्ध संपलं त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं. हिवरखेडला आमचा पानमळा होता. बैलगाडीनं अकोल्याला पोचेपर्यंत वरच्या करंड्यांमधली पानं सुकून जायची. घरात मोटार चालवता येणारा मी एकटाच, वय बावीस. म्हणून बाबा मला घेऊन अकोल्यातल्या एका मोटार-मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री साठीला आलेला, कमी बोलणारा मुसलमान माणूस. त्याच्या दुकानासमोर दोन गाड्या उभ्या होत्या. एक लष्कराच्या लिलावातून आलेली जीप, रंग उडालेली, चारही चाकांनी ओढणारी. दुसरी त्यानं स्वतः घडवलेली. जुन्या मोटारीचा मागचा भाग कापून तिथं सागाच्या फळ्यांचा हौदा बसवला होता. आज तिला पिकअप म्हणतील. मिस्त्रीनं मला जीप चालवून पाहू दिली. नाल्याच्या काळ्या चिखलातून ती अशी सरळ निघाली की मी दुसरं काही ऐकायला तयार नव्हतो.

बाबांनी जीपमध्ये करंड्या ठेवून पाहिल्या. सहाच्या वर बसेनात. त्यांनी पिकअप घेतली. परतीच्या वाटेवर मी ती चालवली, पण बाबांशी एक शब्द बोललो नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचं सासर नदीपलीकडच्या गावात. भाऊजींची केळीची बाग होती, माणूस हौशी होता. मला मिळाली नाही ती जीप मी त्यांच्या डोक्यात भरवली आणि महिन्याभरात त्यांना घेऊन त्याच दुकानात गेलो. त्यांनी एकच गोष्ट विचारली, पावसाळ्यात नदी अडवते तेव्हा काय करायचं. मिस्त्रीच्या आधी मीच बोललो.

"कमरेइतक्या पान्यातून निंगते ही, भाऊजी."

मिस्त्री हात पुसत जवळ आला. "पान्यात कोन्त्याच गाडीचा भरवसा नका करू," तो म्हणाला. "फौजेत एक बंद पडली तर दुसरी वढून काढते. हिले कोन वढीन?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रीला आपल्या हौद्याच्याच गाड्या विकायच्या असतात, असं मी हसत म्हणालो. जीप घेतली गेली.

भाद्रपदात एका दुपारी भाऊजी जीप घेऊन बाजारातून परत निघाले. नदीला गढूळ पाणी आलं होतं. काठावर बैलगाड्या थांबून होत्या आणि गाडीवानांनी त्यांना थांबायला सांगितलंही. ते थांबले नाहीत. मधोमध इंजिन बंद पडलं. उडी मारून ये, असं लोक ओरडत होते, पण ते गाडी चालू करत बसले. मग वरून लोंढा आला. दुसऱ्या दिवशी बाभळीच्या बनात ते सापडले. त्यांना घरी आणायला आमचीच पिकअप गेली. चालवायला मी होतो आणि मागे हौद्यात बाबा त्यांचं डोकं धरून बसले होते.

तेराव्याला बहिणीनं मला ओसरीवर बोलावलं. तिचे मोठे दीर तिथंच बसले होते.

"पान्यातून जाते म्हून त्याईले कोनं सांगतलं?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "मिस्त्रीनं."

एवढंच बोललो. त्यासाठी मला विचारही करावा लागला नाही.

दीर चार माणसं घेऊन अकोल्याला गेले. त्यांनी मिस्त्रीला दुकानाबाहेर ओढून रस्त्यावर शिव्या दिल्या. आपण असं बोललोच नाही, एवढंच मिस्त्री म्हणत राहिला. माझं नाव त्यानं घेतलं नाही. दिवसही तसे होते, फाळणीच्या तोंडावरचे; मुसलमानाचा शब्द खरा धरायला कुणी तयार नव्हतं. आमच्या भागातल्या लोकांनी त्याच्याकडे जाणं सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दुकान बंद केलं आणि तो अमरावतीला लेकाकडे गेला.

बहीण तोवर आमच्याकडे राहायला आली होती. मिस्त्री गेल्याचं कळलं त्या दिवशी ती माजघरात पानं निवडत होती. मी समोर बसलो आणि खरं काय ते सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. निवडलेली पानं करंडीत लावत ती म्हणाली, "त्याले जाऊन सांग. मंग माह्याशी बोल."

मी अमरावतीला गेलो. मिस्त्री दुसऱ्याच्या दुकानात एका लॉरीखाली काम करत होता. बाहेर येऊन त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," तो म्हणाला. "वाटलं, पोरगा घाबरला, चार दिवसांत येईन. तू आठ मयने लावले."

मी माफी मागत होतो, तोवर तो पुन्हा लॉरीखाली गेला.

घरी येऊन मी हे सगळं बहिणीला जसंच्या तसं सांगितलं. ती माझ्याशी बोलायला लागली, म्हणजे जेवायला वाढलंय, पानं भरून ठेवलीत, एवढं. दिवाळीनंतर एका सकाळी ती बाबांना घेऊन अमरावतीला मिस्त्रीकडे गेली. मला सोबत ये म्हणाली नाही. संध्याकाळी परत आल्यावर तिनं पाय धुतले आणि ती चुलीपाशी गेली. तिथं काय बोलणं झालं, ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. बाबांनीही नाही.