दाऊदचाचांची काठी आणि दुपारचं रिकामं मैदान

अन्याय झाला तो उम्म अल कुवैनच्या शाळेतल्या सैफ नावाच्या मुलावर आणि त्याच्याबरोबरच्या दहा जणांवर. १९६८च्या हिवाळ्यात, ईदनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी, दुबईच्या मैदानावर, पहिल्या सामन्याची शिट्टी व्हायच्या जरा आधी. एवढं मी ठणकावून लिहितो, कारण पुढचं ठणकावून लिहिता येत नाही. अन्याय कोणी केला असं विचारलंत तर... गेलं वर्षभर मी ते नाव शोधतो आहे. मुंबईत भाडेकरूंच्या लढ्यात पत्रकं लिहायचो तेव्हा शिकवलं होतं, की पहिल्या ओळीत पीडित, दुसऱ्या ओळीत दोषी. इथे दुसऱ्या ओळीत पुन्हा पुन्हा एकच नाव येतं, दाऊदचाचांचं. आणि दाऊदचाचा तर त्या पोरांचेच कोच होते. आता तेही नाहीत.

बातमी मला एका लॉरीवाल्याने दिली. मी खाडीवर एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात क्लार्क आहे. उम्म अल कुवैनहून सुकी मासळी घेऊन येणारा हा बलुची ड्रायव्हर आमच्याकडे चहाला थांबतो. त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही. म्हणाला, "तुम्हारा दाऊदभाई... खलास." मला वाटलं, दुकान बंद केलं. मी विचारलंसुद्धा, "कशाला, धंदा बसला काय?" त्याने मान हलवली. दुपारची नमाज पढून चाचा दुकानातल्या चटईवर आडवे झाले, चाचीने चहाला हाक मारली, ते उठले नाहीत. याला आता सहा आठवडे होत आले.

दाऊदचाचा आमच्याच हर्ण्याकडचे. माझ्या वडिलांचे लांबचे भाऊ, पण लांबचं जवळचं तिकडे कोण मोजतं. मुंबईला शाळेत असताना ते फुटबॉल डाव्या बाजूने खेळायचे आणि आपल्याइतका वेगवान डावा पाय त्या वर्षी अख्ख्या मुंबईत नव्हता, असं ते स्वतःच सांगायचे. दुसऱ्या कोणाकडून मी ते ऐकलं नाही. उम्म अल कुवैनच्या बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान. समोरच्या वाळूत शाळेची पोरं अनवाणी चेंडू मारायची, आणि चाचा गिऱ्हाईक सोडून ओरडायचे. शेवटी तिथले मुदीर, म्हणजे हेडमास्तर, त्यांना म्हणाले, ओरडताच आहात तर संध्याकाळी येऊन शिकवा. चाचांनी गळ्यात शिट्टी अडकवली ती कायमची. साखर तोलतानाही गळ्यात शिट्टी. त्यांचं अरबी ऐकून पोरं हसायची, आणि हसलं की चाचा चिडून अख्ख्या मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. स्वभावाने गोड माणूस होता असं मी लिहिणार नाही. पत्त्यांत लबाडी करायचे, हरले की पत्ते गोळा करून उठायचे.

या किनाऱ्यावरच्या माध्यमिक शाळांची फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिलाच घोळ वयाचा झाला. जन्माचा दाखला कोणाकडे असणार? वय विचारलं की मुलगा सांगायचा, वादळात काकाची होडी बुडाली त्या साली. दाढी फुटलेले गडी आठवीच्या पोरांसमोर उभे राहायचे. तेव्हा चाचांनीच समितीला मुंबईची पद्धत सांगितली. तिथे शाळांच्या स्पर्धांत उंचीवर गट पाडत. दोन उभे वासे, वर आडवी काठी. काठीखाली ताठ उभं राहायचं, डोकं लागलं तर तू मोठ्या गटात, नाही लागलं तर छोट्या. समितीला ते पटलं. पहिली चौकट चाचांनी जहाजबांधणीवाल्याकडून सागवानाची करून घेतली आणि दुकानातला नवा माल दाखवावा तशी सगळ्यांना दाखवली. मलाही दाखवली. म्हणाले, "काठी कोणाची मावशी नाही. शेखचा पोर असो नाहीतर कोळ्याचा."

तो शुक्रवार मी पाहिला आहे. उम्म अल कुवैनहून दुबईला यायचं तर ओहोटी धरून किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून लॉरी हाकावी लागते, म्हणून पोरं अंधारातच निघाली होती. आली ती मिठाने पांढरी झालेली, पण गात आली. त्यांच्याकडे काठीखालून जाणारी बरोबर अकरा मुलं होती. समोर दुबईची जी शाळा होती तिच्यात अकरा-अकराचे हवे तितके संघ निघाले असते. सैफ त्यांचा कॅप्टन. तो काठीखाली उभा राहिला आणि काठी केसांवर टेकली. चाचांनी त्याचे केस हाताने दाबले. तरी टेकली. रमजानच्या आधी हाच मुलगा खालून सहज जात होता.

समितीचे सचिव म्हणाले, "दाऊदभाई, तुम्हीच सांगा." सभ्य माणूस, आवाजही चढवला नाही. चाचांनी काठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "लागतोय. बाहेर." दहा मुलांचा संघ नियमात नव्हता. समोरच्यांना पुढची फेरी मिळाली, आणि आमची पोरं... परत जायचं तर पुढची ओहोटी हवी. म्हणून ती मैदानाच्या भिंतीच्या सावलीत दिवसभर बसून राहिली. सैफ रडला नाही. तो सारखा आपल्याच डोक्यावर हात ठेवून बघत होता.

मी त्याच संध्याकाळी, लॉरी निघायच्या आधी, पत्रकाचा मसुदा घेऊन चाचांसमोर बसलो. 'वाढत्या वयाला शिक्षा' असा मथळा होता. चाचांनी वाचला आणि विचारलं, "कोणाच्या विरुद्ध आहे हे, पत्रकवाल्या?"

"समितीच्या."

"काठी कोणाची?"

"तुमची."

"मग वर माझं नाव टाक की. स्पेलिंग मी सांगतो." आणि कागद मला परत दिला.

पण त्यांना झोप नव्हती, हे चाचीने मला सांगितलं. महिन्याभराने त्यांनी नवीच कल्पना काढली. पोर एकेकटं मोजायचंच नाही, संघ मोजायचा. अकरा जणांना वाळूत डोक्याला पाय लावून एका रांगेत झोपवायचं. ज्या संघाची रांग लांब तो मोठ्या गटात. म्हणजे एक उंच असला तर दुसरा बुटका त्याची भरपाई करील, आणि सैफसारख्याला कोणी बाहेर काढणार नाही. मला ते फार पटलं. इतकं न्याय्य काही मी मुंबईतही ऐकलं नव्हतं. त्याच दुबईच्या शाळेचे गुरुजी भला माणूस. मैत्रीचा सामना म्हणून आपल्या पोरांना घेऊन ते उम्म अल कुवैनला आले. समुद्राकाठी दोन रांगा झोपल्या. पोरं हसून हसून हलायची, मागच्याच्या टाचा पुढच्याच्या कानाला, आणि चाचा शिट्टी मारत ओरडत होते, "सीधा लेटो, मछली का माफिक नहीं, लकडी का माफिक." दुबईची रांग एका पालथ्या होडीपाशी संपली. आमची होडी ओलांडून पुढे गेली.

मी दोनदा बघितलं. मोठी शाळा छोटी ठरली, छोटी मोठी. मग मुदीरांनी समजावलं, इथली शाळा अलीकडची. पोरं शाळेत आली तीच उशिरा, मधली वर्षं बापाबरोबर होडीवर गेली. वर्ग तोच, पण हाडं थोराड. चाचा त्या पालथ्या होडीवर बसले आणि ठसका लागेपर्यंत हसले. मला हसू आलं नाही. मला राग आला होता, आणि कोणावर ते कळत नव्हतं.

मग मी माझा उपाय काढला. उंची सोडा, रांग सोडा; शाळेत वरच्या वर्गांत मुलं किती, त्यावर गट पाडा. शेकड्यांतून अकरा निवडणारी शाळा वेगळी, आणि अकरा जमवणारी शाळा वेगळी. याहून सरळ काय असतं? सचिव म्हणाले, "बरोबर आहे. पण मग छोट्या गटात शाळा तीन. तीन शाळांची कसली स्पर्धा? दोघी खेळतील, तिसरी बसून फायनलला जाईल."  तरी मी भांडलो. उम्म अल कुवैनला जाऊन सैफला चाचांच्या दुकानात सगळं सांगितलं, तर त्या मुलाचा चेहराच पडला. मला नाही, चाचांना म्हणाला, "चाचा, हम छोटा है क्या? हमको बडा के साथ खेलना है." ज्याच्यासाठी मी भांडत होतो त्यालाच माझा न्याय नको होता. मग न्याय म्हणजे काय धरायचं? मला खरंच विचारायचं आहे. मोठ्यांबरोबर ठेवलं तर ती चिरडली जातात, वेगळं काढलं तर त्यांचा अपमान होतो, मोजलं तर ती वाढतात, आणि न मोजलं तर दाढीवाले खेळतात.

चाचांची शेवटची भेट त्यानंतरची. मी नवा मसुदा घेऊन गेलो होतो. ते मसूर निवडत बसले होते. मी गटांबद्दल बोलत राहिलो, ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मध्येच म्हणाले, "मैदान रिकामं होतं रे."

"कुठलं मैदान?"

"त्या शुक्रवारी. दुपारभर. आपली पोरं भिंतीला बसली होती आठवतं? त्याच भिंतीला पलीकडे शारजाची पोरं बसली होती, सकाळीच आपला सामना हरलेली. त्यांनाही लॉरीची वाट. मैदान मोकळं, चेंडू तिथेच, शिट्टी माझ्या गळ्यात. आणि मी काठी धरून बसलो होतो... एकदा शिट्टी वाजवली असती, तर सगळी उठली असती. सैफसुद्धा. तिथे कोण मोजणार होतं?"

मी म्हटलं, "पण चाचा, प्रश्न गटांचा आहे. त्याने वर्गवारी सुटत नाही."

"नाही सुटत," ते म्हणाले. "गट तू सोडव, तुझं वय आहे. पण पोर अंधारात उठून इतक्या लांब आलं तर ते खेळून घरी गेलं पाहिजे. हरला की घरी, हा नियम ज्याचं घर मैदानाला लागून आहे त्याने केलाय." मग मसुराची परात माझ्याकडे सरकवली. "निवड. नुसता बोलतोस."

हरलेल्यांनाही त्याच दिवशी पुन्हा खेळवा, ही गोष्ट त्यांनी समितीला सांगायची ठरवली होती. पुढच्या बैठकीला जाणार होते, इन्शाल्ला म्हणाले होते. बैठकीआधीच ती दुपार आली.

मयतीनंतर मी दुकानात गेलो. त्या शुक्रवारनंतर चाचांनी चौकट मोडून तिची आडवी काठी दुकानाच्या दारात ठोकली होती, त्याच उंचीवर. आत यायचं तर प्रत्येक मोठ्या माणसाने वाकायचं. गिऱ्हाइकं वैतागायची. मी एकदा विचारलं होतं, हे कशाला, तर म्हणाले होते, "समितीवाले उधार साखर मागायला येतील तेव्हा वाकतील." खरं कारण ते नसावं. खरं काय, ते मला माहीत नाही. आता चाचीला कोणीतरी म्हणालं, ही काढून टाका, लोकांना लागते. ती म्हणाली, "राहू दे." मी तिथे असतानाच सैफ आला. आता तो माझ्याएवढा झाला आहे. दारात थांबला, काठीला हात लावला आणि खाली वाकून आत आला, सवयीने. चाचीने न विचारता त्याच्या हातावर खारीक ठेवली. शिट्टी खुंटीला होती. तो तिच्याकडे बघत राहिला, पण हात लावला नाही.

दोषीचं नाव मला अजून सापडलेलं नाही, आणि गट कसे पाडावेत हेही नाही. तुम्हाला सापडलं तर मला कळवा. पण तुम्ही हे वाचता आहात, तुमच्यातला कोणी शाळेत शिकवतो, कोणी खेळाच्या समितीवर बसतो, कोणाचं पोर संघात आहे. इथे असाल किंवा रत्नागिरीत, तुमच्याकडेही लांबून आलेला एक संघ पहिल्या सामन्यात हरून भिंतीला बसतो. गट उंचीवर पाडा, वयावर पाडा, डोकी मोजून पाडा, त्यावर आपण भांडत राहू. त्याआधी पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रक मागवून घ्या आणि हरलेल्यांचा दुसरा सामना त्यात लिहायला लावा, त्याच दिवशी, त्याच मैदानावर, काठीवर अडलेल्या पोरांना धरून. नाही लिहिला, तर सही करू नका. आणि तेही जमलं नाही, तर दुपारी मैदानावर जा आणि स्वतः शिट्टी वाजवा.