आत्याचं वळण

मी नक्की काय काम करते, हे पेणमध्ये कोणालाही धड कळलं नाही. "जीनवर संशोधन करते," असं आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी काकू मुलाच्या कमरेचं माप घेऊन हजर. जीनची पँट स्वस्तात मिळेल म्हणून! मग आई "मेंदूचं बघते" म्हणायला लागली. उंदरांचे मेंदू कापते, हे मात्र तिनं जीव गेला तरी सांगितलं नसतं. अख्खं गाव गणपती घडवतंय आणि हिची मुलगी गणपतीचं वाहन कापतेय!

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही प्रयोगशाळेत उंदरांच्या आयांवर पाळत ठेवायचो. आई चाटूनपुसून वाढवणारी असली की पिल्लं मोठेपणी निवांत. तिनं दुर्लक्ष केलं की खुट्ट झालं तरी थरथरणारी. जनुकं आईबापांकडून येतात, पण त्यातली कुठली बोलणार नि कुठली गप्प बसणार, ते पुष्कळदा भोवतालच्यांवर असतं. ह्याला आम्ही एपिजेनेटिक्स म्हणायचो आणि स्वतःला फार हुशार समजायचो.

घरी ह्या सगळ्याला एकच शब्द होता, वळण. धाकट्या बहिणीनं भात करपवला, की ती आत्याच्या वळणावर गेली. आत्या म्हणजे बाबांची बहीण. सासरच्यांनी "वेडी आहे" म्हणून आणून सोडलेली. आमच्याकडे ती मागच्या खोलीत बसून पापड लाटायची, आणि पाहुणे आले की आई त्या खोलीला कडी घालायची.

धाकटीला रोह्याचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत, शिफ्ट ड्यूटी, दिसायला बरा. धाकटीला तो आवडला होता. नाव काढलं की कानापर्यंत लाल व्हायची. पण मुलाच्या वडिलांना कुठूनतरी आत्याचं कळलं. घर बघायला जाताना बाबांनी काकांबरोबर मलाही घेतलं, शास्त्रज्ञ म्हणून.

गाडीत म्हणाले, "एवढंच सांग, वेड रक्तातून येत नाय."

"बाबा, थोडं येतं."

"मग थोडं गप्प बस."

आपल्याकडे घर बघणं म्हणजे पंखे मोजणं. काकांनी नळ सोडून पाहिला, भिंतीवर टिचकी मारली, पसंतीची मान हलवली. मुलाची आई पोहे घेऊन आली. "लिंबू कुठंय? डोकं कुठं गहाण ठेवलंस?" मुलाचे वडील सगळ्यांदेखत खेकसले. पाणी आणलं तर तांब्या चुकीचा. ती खाली बसली तर "आत कोण बघणार?" मुलगा शेजारीच होता. तो पोहे खात राहिला.

मग वडील माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या. हे वेड पोरीत उतरतं का? वळण महत्त्वाचं हो."

बाबांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण माझी जीभ कुठली ऐकायला!

"रक्तातून थोडं येतं," मी म्हटलं. "पण ते उठवायला घर लागतं. आमची आत्या लग्नापर्यंत अंगणभर हसत फिरायची. म्हणून तर आम्ही घर बघायला आलो."

काकांना ठसका लागला. मुलाचे वडील लालबुंद झाले. आणि स्वयंपाकघराच्या दारातून मुलाची आई शांतपणे म्हणाली, "नको देऊ गो तुझी बहीण इथं."

"हिचं डोकं जरा फिरलंय," वडील घाईघाईनं म्हणाले. "मनावर घेऊ नका."

"लग्नाआधीपासून का?" मी विचारलं.

उत्तर तिनंच दिलं. "नाय गो. इथं आल्यावर."

परतीच्या गाडीत काका मलाच शिव्या घालत होते. चांगलं स्थळ घालवलंस, आता वेडाचा बोभाटा होणार. तो झालाही. पेणच्या अलीकडे कासू गाव आलं. तेव्हा बाबा म्हणाले, "धाकटी दारात वाट बघत असेल. तिला काय सांगायचं?"

"खरं ते सांगा. घर बघितलं म्हणावं."

घरी धाकटी दारात होती, आणि बातमी ऐकायला शेजारच्या काकू येऊन बसलेल्या, म्हणजे मागच्या खोलीला कडी. बाबांनी चपला काढल्या, सरळ मागे गेले आणि आत्याच्या दाराची कडी काढली.