वहीत नसलेली दुपार

काकीचा डबा आमच्या घरातून रिकामा परत गेला, त्याला माझी वही कारणीभूत होती.

तेव्हा मी सेकंड इयरला होते. आम्ही मूळचे ओवे गावचे. गावच्या जमिनी गेल्या, मोबदल्यात प्लॉट मिळाला आणि बाबा आम्हाला घेऊन पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला आले. काका-काकी गावातच राहिले. प्लॉटच्या वाटणीवरून बाबा आणि काका एकमेकांशी बोलेनासे झाले, पण काकीचा डबा येत राहिला. दर रविवारी गावचा एक रिक्षावाला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आणून द्यायचा. त्यात तांदळाच्या भाकऱ्या, जवळा, कधी वालाचं बिरडं. आई डबा घासायची आणि त्यात काहीतरी घालून परत पाठवायची, काहीच नसलं तर मूठभर साखर. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. रिकामा डबा गेला की समोरच्याने समजायचं, यापुढे पाठवायचा नाही.

त्या वर्षी माझ्या पोटात कळा यायला लागल्या. मग संडासातून रक्त जाऊ लागलं. चार महिने मी कोणाला सांगितलं नाही. शाळेत शरीराचे सगळे शब्द मी इंग्रजीत शिकले होते. घरी त्याच गोष्टींना जे शब्द होते, ते आईसमोर माझ्या तोंडून निघत नव्हते. मी बाथरूममध्ये नळ चालू ठेवायचे. माझे पंजाबी ड्रेस खांद्यावरून ओघळायला लागले तेव्हा आईने मला धरून दवाखान्यात नेलं.

दुर्बिणीतून तपासणी झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सूज उतरेपर्यंत मऊ भात, पेज, उकडलेला बटाटा एवढंच खायचं. तिखट, कच्चं आणि दूध बंद. शिवाय एक वही ठेवायला सांगितली. आजारी पडण्याआधीचा एक महिना आठवून त्यात लिहायचा, आणि पुढे रोज काय खाल्लं, पोट कसं होतं, तेही लिहायचं.

मी वही इंग्रजीत लिहिली. आई वाचेल, या भीतीने. पण आई दहावी झालेली होती. सावकाश का होईना, इंग्रजी वाचायची.

एका सकाळी वही टेबलावर होती त्यापेक्षा बोटभर सरकलेली दिसली. पानांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. आईने घरच्या जेवणाला खूण केली नव्हती. खूण फक्त एकाच शब्दाखाली होती, काकी. दर रविवारी काकी.

 त्या दिवसापासून आई माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली, आणि मी तिच्याकडे. ती माझं ताट उचलताना काय उरलंय ते बघायची. मी भाताची पेज चमच्याने ढवळून, वास घेऊन मगच खायचे, कारण आईने तिच्या कुठल्याशा बाईकडून अंगारा आणल्याचा मला संशय होता. तो संशय खरा निघाला. पुडी साखरेच्या डब्यामागे होती. मी ती सिंकमध्ये ओतली आणि कागद तसाच घडी घालून परत ठेवला. दोन दिवसांनी घडीत पुन्हा अंगारा होता. 

मग बाबांशी बोलताना तिचा आवाज स्वयंपाकघरातून ऐकू आला. गावातल्या हळदीला काकीने स्वतःच्या ताटातला घास मला भरवला होता, त्यानंतरच मी वाळायला लागले, असं ती सांगत होती. प्लॉट त्यांच्या हातचा गेला तो राग माणूस कुठे काढणार. पोरीच्या वहीतसुद्धा बाहेरचं म्हणून तेवढं एकच नाव आहे. बाबा म्हणाले, वेडी आहेस का. पण तेवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी काकीने डब्यात माझ्यासाठी पेज पाठवली होती. वरच्या कप्प्यात मीठ वेगळं, पुडीत. आईने झाकण उघडलं, मिठाची पुडी नाकाशी धरली आणि सगळं ओतून दिलं. डबा घासून पुसला आणि रिकामा रिक्षावाल्याच्या हातात दिला. तो डबा हलका लागला म्हणून त्याने एकदा आईकडे पाहिलं.

मी तिथेच उभी होते. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते बोलले नाही.

ते वाक्य माझ्या वहीतल्या रिकाम्या जागेबद्दल होतं. कॉलेज सुरू झाल्यापासून मी आईने दिलेला भाजी-भाकरीचा डबा एका मैत्रिणीला द्यायचे आणि कॅन्टीनमध्ये खायचे. पाकिटातल्या मसाला नूडल्स, कोल्ड्रिंक, वेफर्स. भाकरीचा डबा उघडायची मला वर्गात लाज वाटायची म्हणून सुरुवात झाली, पुढे सवय झाली. ते वहीत लिहिलं असतं तर दोन वर्षांचं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून मी सगळं प्रामाणिकपणे लिहिलं आणि फक्त दुपार गाळली.

पुढच्या तपासणीला आई माझ्याबरोबर आत आली. डॉक्टरांनी वही चाळली, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"सोमवार ते शनिवार दुपारी काहीच खात नव्हतीस?"

मी आईकडे पाहिलं. ती वहीकडे बघत होती. तिनेही ते तेव्हाच पाहिलं असावं.

मी सांगितलं. हळू, इंग्रजीत, जणू इंग्रजीत सांगितलं की आईपर्यंत थोडं कमी पोचेल. डॉक्टरांनी मराठीत उत्तर दिलं. म्हणाले, असं पाकिटातलं खाणं जास्त आणि भाजी-फळं कमी असली की या आजाराचा धोका वाढतो असं दिसतं. पण तुझ्या आतड्याला त्यानेच झालं, असं मी म्हणू शकत नाही. घराण्याचा, शरीराचा, बऱ्याच गोष्टींचा हात असतो. एकाला पकडून गुन्हेगार ठरवता येत नाही.

आईने तेव्हा विचारलं, "कोणी खायला घातलं तर होतं का हे?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "एका घासाने होत नाही."

रिक्षात आई बाहेर बघत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "मला का नाय सांगितलंस?" फ्लॅटमध्ये आल्यापासून ती 'नाय'ऐवजी 'नाही' म्हणायला शिकली होती. त्या दिवशी विसरली. तिने विचारलं ते नूडल्सबद्दल होतं की रक्ताबद्दल, मला कळलं नाही. 

रविवारी डबा आला नाही. त्यापुढच्या रविवारीही नाही. मग आईने आमच्याच डब्यात तांदळाची घावनं भरली, बिनतिखटाची, मला चालतील अशी. स्वतः गेली नाही. मला म्हणाली, तू दे.

दुपारी मी गावी पोचले तेव्हा काकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. डबा बघून तिने सूप खाली ठेवलं, पण उठली नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कॅन्टीन, वही, पेन्सिलीच्या खुणा. माझ्या आयुष्यात मी एका दमात एवढं कोणाशी बोलले नव्हते.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे लपवलास तू, आन चोर आमी झालो."

मी मान हलवली.

तिने डब्याचं झाकण काढलं. घावनं बघितली, वास घेतला, आईने मिठाच्या पुडीचा घेतला होता तसाच. डबा माझ्यापुढे सरकवला.

"पयले तू खा."

मी बसले आणि खाल्लं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी गिळेपर्यंत. एक संपल्यावर तिने बोटाने दुसरं दाखवलं, तेही मी खाल्लं. मग तिने एक उचललं, चार तुकडे केले आणि खायला लागली. चावताना माझ्यावरची नजर काढली नाही.

मी निघताना तिने उरलेली घावनं काढून घेतली, डबा विसळून पुसला. सुपातले निवडलेले तांदूळ त्यात भरले, झाकण लावून माझ्या हातात दिला.

"पेजेचं हाय," ती म्हणाली. "तुझे आयशीला सांग, निवडून घे परत. खडा बिडा असंल."

आईने ते खरंच परत निवडले. खिडकीशी बसून, दाणा न् दाणा. खडा एकही निघाला नाही. तिने ते कुकरला लावले, आणि मी वही उघडून त्या दिवशीची दुपार लिहिली.