मेलेलं जेलीफिश आणि माझं पहिलं स्थळ

मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाला एका जेलीफिशने नापास केलं. आभार मानायचे राहून गेले, कारण ते आधीच मेलेलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची चिंचणीला चिकूची वाडी, आणि मी पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. मुलगा बोईसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. सोबत त्याची आत्या, म्हणजे त्या घरचं सर्वोच्च न्यायालय. पोहे संपवून तिने निकाल दिला, "लग्नानंतर कॉलेज बंद. बेडकं चिरून संसार होत नाही."

वडील आता मान डोलावणार आणि माझी पदवी गेली, असं मी धरूनच चालले. पण उत्तर टाळायला त्यांनी सगळ्यांना किनाऱ्यावर नेलं.

ओहोटीच्या रेतीत ताटाएवढं जेलीफिश पडलं होतं.

"हे काय?" मुलाने विचारलं.

कुणी विचारायचीच खोटी. "जेलीफिश. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. तोंड एकच. त्यानेच खायचं, त्यातूनच बाहेर टाकायचं."

"मग जगतं कसं?" आत्या.

"ऐटीत, आत्याबाई. कोट्यवधी वर्षं."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी समुद्राकडे.

मुलगा बाह्या सरसावून वाकला. मी म्हटलं, "हात नका लावू. ते मेलं तरी त्याच्या दोऱ्यांतल्या डंखाच्या पेशी जाग्या असतात. स्पर्श झाला की सुटतात."

"आम्ही रोज ॲसिड हाताळतो," म्हणत त्याने ते उचललं.

मग त्याने जो सूर लावला, तो आमच्या भजनी मंडळात कुणाला कधी लागला नव्हता. मनगटावर चाबूक ओढल्यासारखे वळ. आत्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "गोडं पाणी नको, उरलेल्या पेशीही फुटतील," असं मी म्हणेपर्यंत तिने अख्खी ओतली. सूर एक पट्टी वर गेला. शेवटी मीच त्याला समुद्रात उभं केलं, खाऱ्या पाण्याने हात धुतला, चिकटलेले दोरे काडीने सोडवले. बेडकं चिरून एवढं येतं.

निघताना आत्या वडिलांना म्हणाली, "मुलगी उलट बोलते."

"नाय हो," वडील म्हणाले, "ती आधीच बोलली होती. तुमीच ऐकलं नाय."

रिक्षा वळणाआड गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुझी परीक्षा कधी हाय?" कॉलेजच्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मी सांगितलं. "मग पुढच्या स्थळाला कळवतो," ते म्हणाले, "त्यानंतरच या."